नाव न घेता केलेली प्रार्थना

मी तिचं नाव घेतलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस हे वाक्य मी स्वतःला ऐकवलं, नवऱ्याला ऐकवलं, देवालाही ऐकवलं. तिघांपैकी एकालाही ते पटलं नाही. आता हे लिहितानाही मी कुणाचं नाव घेत नाहीये, पण या वेळी निदान तिला आधी विचारलं आहे. "डू वॉट यू लाइक, आंटी," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही वसईचे. ज्या वर्षी सिडनीला आलो त्याच वर्षी तिचे आईवडीलही आले. पहिले आठ महिने दोन्ही कुटुंबांनी पेंडल हिलला स्टेशनजवळ एकच फ्लॅट भाड्याने घेतला होता. ती तेव्हा चार वर्षांची, माझी मुलगी पाचची. पुढे दोघांनीही स्कोफिल्ड्सला घरं बांधली, मधे फक्त दोन रस्ते. तिची आई शनिवारी कामावर असायची, म्हणून लहान मुलांच्या अ‍ॅथलेटिक्सला दोघींना मीच गाडीतून न्यायची. माझी मुलगी मैदानाच्या कडेला बसून चिप्स खायची आणि ही पळायची. काय पळायची! शर्यत संपली तरी थांबायची नाही, मलाच आत जाऊन धरून आणावं लागायचं. विसाव्या वर्षी ती युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स स्कॉलरशिपवर आठशे मीटर पळत होती, आणि उन्हाळ्यात राज्याच्या टीममध्ये तिची निवड होईल असं सगळे धरून चालले होते.

माझ्या मुलीने त्याच सुमाराला नर्सिंग अर्ध्यावर सोडलं आणि एका कॅफेत कामाला लागली. ते मला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. त्याहून जास्त लागलं ते त्या पळणाऱ्या मुलीच्या आईचं बोलणं. नाताळच्या जेवणाला सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, "जाऊ दे गं, सगळ्यांनाच नाही जमत." बिचारीने चांगल्याच मनाने म्हटलं असेल. मी मात्र ते वाक्य दहा महिने जपून ठेवलं.

मी एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायंटिस्ट होते. कोविडचं पहिलं वर्ष होतं. मार्चपासून लॅबमध्ये नाकातल्या स्वॅबशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. आमच्या लोकांमध्ये त्या वर्षी माझा भाव एकदम वधारला होता. कुणाला घसा खवखवला की पहिला फोन मला, रिझल्ट कधी येईल, मला आत बघून सांगता येईल का. मी प्रत्येकाला ठणकावून सांगायची, की नाही, रिझल्ट ज्याचा त्याला, मी माझ्या नवऱ्याचासुद्धा बघत नाही. आणि खरंच बघत नव्हते. गोपनीयतेच्या कागदावर आम्ही दर वर्षी सही करायचो आणि त्या सहीचा मला अभिमान होता.

ऑक्टोबरात आकडे उतरले, खेळ परत सुरू झाले, आणि मला माझ्या जुन्या टेबलावर बसवलं. यूरिनमध्ये अमली पदार्थांचा अंश आहे का ते बघायचं टेबल. मोठ्या स्पर्धांच्या डोपिंग टेस्टला नुसता नंबर असतो, नाव नसतं, आणि त्या आमच्याकडे येतही नाहीत. ही युनिव्हर्सिटीची स्वतःची तपासणी होती. स्कॉलरशिपवरच्या खेळाडूंची, खाणकामगारांची करतात तशीच, नाव आणि जन्मतारखेसकट. त्यात तिची बाटली होती. जन्मतारीख मी बघितली नसती तरी चाललं असतं, आडनाव पुरेसं होतं. पण मी बघितली. त्या तारखेला मी किती केक केले आहेत.

गांजाचा अंश सापडला होता. मशिनचं चुकलं असेल म्हणून दुसऱ्या, जास्त काटेकोर पद्धतीने परत तपासलं. तेच आलं.

आता खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा काळजी वाटली नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते आनंदाच्या फार जवळचं होतं. काळजी नंतर आली, ती मी बोलावून आणली. त्या फॉर्मवर खाली एक चौकोन असतो. खेळाडू कुठली औषधं घेत असेल तर ती यादी त्याने टीमच्या डॉक्टरला बंद पाकिटात दिली आहे, असा त्याचा अर्थ. तिच्या फॉर्मवर त्या चौकोनात खूण होती. म्हणजे जे सापडलं त्याचं कारण डॉक्टरला आधीच ठाऊक असू शकतं, औषध म्हणून गांजाचं तेल इथले डॉक्टर कायद्याने लिहून देतात, आणि या सगळ्याशी लॅबचा काडीचा संबंध नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही. नव्या मुलींना हा चौकोन मीच समजावून सांगायची. त्या दिवशी माझी नजर त्याच्यावरून गेली आणि मी ती तशीच पुढे जाऊ दिली.

रिपोर्ट नियमाप्रमाणे टीमच्या डॉक्टरकडे गेला. दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून होते. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. किती जबाबदार बाई आहे मी, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी रोझरीत आमची पाळी होती.

ऑक्टोबर हा आमचा रोझरीचा महिना. वसईला असताना संध्याकाळी घराघरांत जमून जपमाळ म्हणायची, सिडनीतही आम्ही दर वर्षी ते करायचो, आज याच्या घरी उद्या त्याच्या. त्या वर्षी कुणाच्या घरी इतकी माणसं जमवायची सोय नव्हती, म्हणून साडेसातला व्हिडिओ कॉल. सोळा कुटुंबांच्या सोळा खिडक्या. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाचा माइक चालू राहिलेला, आणि "नमो मारिया" म्हटलं की उत्तर प्रत्येक घरातून वेगवेगळ्या वेळी यायचं, त्यामुळे एक प्रार्थना संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. तरी आम्ही एक दिवस चुकवला नाही. माणसं दिसायची, तेवढंच पुष्कळ होतं.

रोज पाच कुटुंबांकडे पाच रहस्यं, म्हणजे जपमाळेचे पाच भाग. प्रत्येकाने आपल्या दहा माळमण्यांच्या आधी हेतू सांगायचा, कुणासाठी, कशासाठी प्रार्थना करायची तो. वसईला आईला ऑक्सिजन लावला आहे. मुलाच्या व्हिसाचं अडलं आहे. सगळ्यांनी म्हणायचं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आणि इथेच आमची खरी गंमत आहे. चहाडी करणं पाप, पण प्रार्थना करणं पुण्य. म्हणून आमच्यात बातमी हेतूतून जाते. "घरात शांती नसलेल्या एका जोडप्यासाठी" असं कुणी म्हटलं की कॉल संपल्यावर दहा मिनिटांत ते जोडपं कोण हे पेंडल हिलपासून स्कोफिल्ड्सपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. नाव कुणीच घेत नाही. नाव न घेतल्यामुळे सगळ्यांचे हात स्वच्छ राहतात. लहानपणापासून मी हेच बघत आले आहे आणि यात काही वावगं आहे असं मला त्या संध्याकाळपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

मी वाक्य आधी पाकिटाच्या पाठीवर लिहून काढलं होतं. "आपल्या समाजातल्या एका तरुण मुलीसाठी, जिला देवाने खेळाची मोठी देणगी दिली आहे, पण जी अमली पदार्थांच्या मोहात सापडली आहे, तिला योग्य मार्ग दिसावा म्हणून आपण प्रार्थना करू या." वाक्य छान जमलं आहे असंही वाटलं होतं. मी ते सावकाश, नीट म्हटलं.

सोळा खिडक्यांत युनिव्हर्सिटीत जाऊन खेळणारी मुलगी एकच होती.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक," असं उत्तर आलं, नेहमीसारखं मागेपुढे. तिच्या आईचे ओठ हलले नाहीत. तिने कॅमेऱ्याच्या बाहेर कुणाकडे तरी बघितलं, नवऱ्याकडे असावं. मग तिची खिडकी काळी झाली. मी दहा नमो मारिया म्हणून पूर्ण केल्या.

कॉल संपला आणि पेंडल हिलच्या बाईंचा फोन आला. या बाई आमच्या रोझरीचं वेळापत्रक सांभाळतात आणि वेळापत्रकाबरोबर बाकीचंही सगळं सांभाळतात.

"अगं, तीच ना?" त्या म्हणाल्या.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," मी म्हणाले.

"नाही नाही, नको घेऊस. पण तीच ना?"

मी गप्प बसले. बस्स, झालं काम.

नवरा भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.

"तुला कुठून कळलं?"

मी ओटा पुसायला घेतला.

"लॅबमधून?" तो वळला. त्याचे हात फेसाने भरलेले होते. "अगं, काय केलंस तू हे? ते पोर आपल्या घरात लहानाचं मोठं झालं."

"म्हणूनच केलं. आपलीच मुलगी म्हणून केलं. आपलं माणूस चुकत असेल तर गप्प बसायचं का?"

"मग तिच्याशी बोलायचं होतंस. सोळा घरांशी कशाला?"

मी चिडले. त्याला तुझं काय जातं म्हणाले, पुरुषांना आईची काळजी कळत नाही म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्या आठवड्यात माझं सगळं असंच चाललं होतं.

तिच्या घरात त्यानंतर काय झालं ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. वडिलांनी तिची स्पोर्ट्स बॅग जमिनीवर उलटी केली. त्यातून एक छोटी तपकिरी बाटली निघाली. तिच्यावर फार्मसीचं लेबल होतं, लेबलवर तिचं नाव आणि किती थेंब कधी घ्यायचे ते होतं. वडिलांनी लेबल वाचलं नाही. मी तो चौकोन वाचला नव्हता, तर त्यांना मी काय बोलणार? त्यांनी ती बाटली सिंकमध्ये ओतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडचे आईबाप जे करतात ते केलं. सरांना फोन केला. म्हणजे तिच्या कोचला. मुलीच्या वतीने माफी मागितली आणि तिला कडक शिस्त लावा म्हणून विनंती केली, जणू मुलगी सातवीत आहे आणि गृहपाठ विसरली आहे.

कोचला यातलं काही माहीत नव्हतं. तो रिपोर्ट आणि ते पाकीट एका डॉक्टरपाशीच राहायचं होतं, नियमच तसा होता. आता कोचने तिला बोलावून विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. जे तिने आईला सांगितलं नव्हतं ते पन्नाशीच्या एका परक्या माणसाला, त्याच्या ऑफिसात, मास्क लावून.

त्यानंतर ती माझ्याकडे आली. रविवारची दुपार होती. ती आमच्या लेटरबॉक्सपाशीच उभी राहिली, मी दारात.

"आंटी, कॅन आय आस्क यू समथिंग?" इथे वाढलेली मुलं मोठ्यांनाही तू म्हणतात, तीही म्हणायची आणि मला ते आवडायचं. "तू रोझरीत जे बोललीस, ते माझ्याबद्दल होतं?"

"नाही गं बाळा. असंच, सगळ्याच तरुण मुलांसाठी."

"तुझ्या लॅबमध्ये आमच्या युनीच्या टेस्ट येतात?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे सध्या फक्त कोविड."

हे मी तिच्या डोळ्यांकडे बघून म्हटलं. आजवर मी बरंच काही केलं असेल, पण त्या दोन वाक्यांची जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. रोझरीत मी नाटक केलं होतं, पण ते करताना मला ते नाटक वाटत नव्हतं. हे मात्र शुद्ध, थंड डोक्याने बोललेलं खोटं होतं.

"ओके," ती म्हणाली. "देन इट्स द डॉक्टर. मी फक्त तिलाच सांगितलं होतं."

मग ती तिथेच उभी राहून बोलत गेली. मी विचारलं नव्हतं. मला वाटतं तिला कुणालातरी सांगायचं होतं, आणि तिच्या बुटांच्या नाड्या बांधणारी आंटी तिला बरी वाटली. तिला एंडोमेट्रिओसिस होता. गर्भाशयाचं अस्तर जिथे वाढायला नको तिथे वाढतं, पाळीच्या दिवसांत माणूस दुखण्याने अक्षरशः दुमडतं. दोन वर्षं ती महिन्यातले चार दिवस बाथरूमच्या फरशीवर काढत होती आणि आईला पोट बिघडलं म्हणून सांगत होती. गोळ्यांनी उतार पडेना तेव्हा एका स्पेशालिस्टने ते तेल लिहून दिलं. शर्यतींच्या काळात ते कधी थांबवायचं, कुठली परवानगी काढायची, हे सगळं ती आणि टीमची डॉक्टर मिळून ठरवत होत्या.

"ममाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कारण ती लगेच बेबीजवर जाईल. आता कोण लग्न करेल, मुलं होतील की नाही. मला फक्त पळायचं होतं, आंटी." तिने मास्कची पट्टी ओढली. "आता मी स्क्वाड सोडतेय. त्या डॉक्टरकडे मी परत नाही जाणार. शी ब्लॅब्ड, तिनेच बाहेर बोलून टाकलं. आणि तिच्या सहीशिवाय मला रेस नाही करता येणार. सो."

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. त्याऐवजी मी म्हणाले, "थांब, फुगे तळलेत सकाळी, डबा घेऊन जा." आत गेले, आमच्या वसईचे ते तळलेले गोल पाव डब्यात भरले, लेटरबॉक्सवर ठेवले आणि दीड मीटर मागे सरले. ती थँक्स म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

मला भीती कसली होती ते लपवत नाही. नोकरी जाईल ही होती. तक्रार झाली तर पुन्हा कुठल्या लॅबमध्ये उभं करणार नाहीत ही होती. आणि त्याहून मोठी भीती, पेंडल हिलच्या बाई आता माझ्याबद्दल फोन करतील ही होती. एका बाजूला माझी अब्रू, दुसऱ्या बाजूला तिचं पळणं आणि एका निर्दोष डॉक्टरची इज्जत. असा तराजू समोर असताना मी आठ दिवस विचार करत होते, यावरून काय ते समजा. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. पाठदुखीचं कारण दिलं. मॅनेजरने पुढे एक शब्द विचारला नाही, तब्येतीचा मामला खासगी असतो म्हणाला.

आठव्या दिवशी मी कन्फेशनला गेले. चर्चच्या कार पार्कमध्ये दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. म्हातारे फादर कानामागे हात धरून ऐकत होते आणि मला इंग्रजीत, जरा मोठ्याने, आपलं पाप सांगावं लागत होतं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी अगदी निर्धास्त आहे. हा माणूस मरेपर्यंत यातलं अक्षर बाहेर काढणार नाही, ही माझी खात्री होती. माझं पाप त्याच्यापाशी सुरक्षित होतं आणि तिचा आजार माझ्यापाशी नव्हता. मला तिथे रडू कोसळलं. फादरनी वाट बघितली आणि म्हणाले, देव क्षमा करेल, पण डॉक्टर बिचारीचं काय? जा आणि त्या मुलीला सांग.

ती मला ओढ्याकाठच्या पायवाटेवर भेटली, आमच्या एस्टेटच्या मागे. लॉकडाऊनमध्ये रोज तिथे पळायची. त्या दिवशी पळत नव्हती, बाकावर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मीच, लॅबमधून, आणि त्या दिवशी दारात खोटं बोलले.

कुणीतरी कुत्र्याला घेऊन गेलं, त्याला तिने हाय केलं.

"सो डॉक्टरने नाही सांगितलं," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"ओ गॉड. मी तिला काय काय लिहिलंय ईमेलमध्ये." तिने तोंडावर हात नेला. माझ्यावर ओरडायच्या आधी तिला त्या डॉक्टरचं वाईट वाटलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोझरीत सांग, आंटी. तू चुकलीस म्हणून. दे ऑल थिंक आय ॲम अ जंकी. ममा दुकानात जात नाहीये. आजाराचं नको सांगूस, ते नको. फक्त मी तसली नाही एवढं सांग."

"सांगते," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशी आमची पाळी आहे. नक्की सांगते."

तिने त्याच संध्याकाळी डॉक्टरला फोन केला हे पुढे कळलं; दोन दिवसांनी ती परत ट्रॅकवर जाताना मला घराच्या खिडकीतून दिसली. तिची बॅग खांद्यावर होती.

शेवटच्या दिवसासाठी मी चार मसुदे लिहिले. प्रत्येकात एकाच ठिकाणी अडायचे. मी चुकले म्हटलं की लोक विचारणार, मग आधी तुला कळलं कसं? आणि त्याचं उत्तर एकच होतं. नवरा म्हणाला, वाचून दाखवू नकोस, सरळ बोल. तो शेजारी बसला होता. समोर सोळा खिडक्या होत्या आणि तिच्या आईच्या खिडकीत त्या दिवशी पहिल्यांदाच तीही होती. केस ओले, ट्रेनिंगवरून आलेली. ती माझ्या बोलण्यासाठी आली होती.

आमची पाळी आली. मी माइक चालू केला.

"आपल्यातल्या एका बहिणीच्या हातून फार मोठी चूक झाली आहे," मी म्हणाले. "तिला आपल्या चुकीची लाज वाटते आहे. तिला क्षमा मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या."

एवढंच. पुढचं वाक्य मी म्हटलं नाही.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." या वेळी उत्तर जवळजवळ एका सुरात आलं. कुणीतरी नाक ओढलं. कडेच्या चॅटमध्ये जोडलेले हात येऊ लागले. पेंडल हिलच्या बाईंनी लिहिलं, "देव पोरीला सुबुद्धी देवो." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती बहीण म्हणजे ही मुलगीच असं सगळ्यांनी धरलं आहे. माझ्यावर कुणाचा संशयही गेला नव्हता. नवऱ्याने मला कोपराने डिवचलं. मी हलले नाही.

तिच्या खिडकीचा माइक चालू झाला. आईने तिचा हात धरला, तिने सोडवला.

"माझं मराठी बरोबर नाहीये, सॉरी," ती म्हणाली. "ते माझ्याबद्दल आहे ना? सगळ्यांना माहितीये. मग मीच सांगते." आणि तिने सांगितलं. आजाराचं इंग्रजी नाव, कुठे दुखतं, किती दुखतं, तेल कुणी दिलं, का दिलं. मराठी शब्द सापडला नाही तिथे तिने पोटावर हात ठेवून दाखवलं. समोर तिच्या बाबांच्या वयाचे पुरुष होते, तिच्याबरोबर शाळेत गेलेली मुलं होती. जे तिने मला सांगू नकोस म्हटलं होतं तेच ती स्वतः सांगत होती, कारण दुसरा रस्ता मी बंद केला होता. तिची आई दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती.

"मी ड्रग्ज नाही घेत," ती शेवटी म्हणाली. "दॅट्स इट."

मग पेंडल हिलच्या बाईंचा आवाज आला. "अगं, पण हे तुझ्या आंटीला कळलं कुठून?"

ती कॅमेऱ्यात बघत होती. सोळा खिडक्यांत ती कुणाकडे बघते आहे हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं, पण मला कळलं.

"ते मला माहितीये," ती म्हणाली. "पण ते तिचं प्रायव्हेट आहे. मी नाही सांगणार."

पाळी आमची होती, म्हणजे प्रार्थना मीच सुरू करायची होती. सगळे थांबले होते. मी नमो मारिया म्हणायला लागले, आणि खाली मान घालून तीही सगळ्यांबरोबर उत्तर देत राहिली. प्रत्येक नमो मारियानंतर मला थांबून बोलता आलं असतं. मी दहाच्या दहा म्हणून टाकल्या.